दुसऱ्याच्या तिकिटावर

३ जून

वन्सं,

हात असा झटकला अण्णांनी, की सुई माझ्याच अंगठ्यात गेली. रक्त आलंच होतं, पट्टी मशीनला लावलेली होती, म्हटलं वाया कशाला घालवा. चौऱ्याण्णव. माझे. अण्णांचे नव्हेत. तुम्ही पाठवलेल्या साखरेच्या मशीनवरचा पहिला आकडा तुमच्या वडिलांऐवजी सुनेचा निघाला.

अण्णा म्हणाले, "सगळी नोकरी मी लोकांची तिकिटं तपासली. माझं तिकीट तपासणारा अजून जन्माला यायचाय."

मी म्हटलं, "मशीन जन्माला येत नाही, अण्णा. कारखान्यात होतं."

हसले नाहीत. जेवायला हाक मारेपर्यंत हात बगलेत घालून बसून राहिले.

जेवण तुम्ही सांगितलं तसं वाढलं. भात निम्मा, भाजी दुप्पट, आधी भाजी आणि मग भात. ताटाकडे बघून म्हणाले, "बाकीचं मागून येतंय का?"

हे फोनवर सांगता येत नाही. घर दोन खोल्यांचं. कुठेही बोलले तरी ते ऐकतात आणि नंतर एकेका शब्दाचा हिशोब मागतात. म्हणून पत्र. औषधांच्या दुकानाशेजारी टपालपेटी आहे, तेवढ्यासाठी बाहेर पडायला कारण लागत नाही.

तुम्ही म्हणालात, तीन महिने साखर ताब्यात राहिली की तुमच्या संस्थेच्या वृद्धनिवासात त्यांना जागा मिळेल. तीन महिने मी काढीन. तुमचे दादा जहाजावरून हिवाळ्याआधी परतत नाहीत. पाणीखात्यात माझं नकाशाचं टेबल साहेबांनी सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवलंय. त्यानंतर नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मी महिने मोजतेय असं म्हणाल तर म्हणा. मोजतेय.

तुमची,
वहिनी

१६ जून

वहिनी,

अण्णांना मशीनचा राग नाही. त्यांना सुईचा इतिहास आहे. माझ्या जन्माआधी ते वर्षभर क्षयाच्या रुग्णालयात होते. तिथल्या दाराला आतून कडी नव्हती, एवढंच एकदा बोलले होते. त्यांच्या फुप्फुसावर अजून डाग आहे आणि डागात जंतू आहे. तो मेलेला नाही, झोपलेला आहे. जुन्या भाडेकरूसारखा समज: भाडं देत नाही, आवाज करत नाही, पण खोली सोडत नाही. साखर चढत गेली की शरीराचे पहारेकरी सुस्तावतात आणि तो उठून बसतो. माझं सगळं काम या एका वाक्याभोवती आहे. काय खाल्लं की किती चढते, किती चढली की तो उठतो.

निवासात असे डागवाले चाळीस वृद्ध आहेत. एकाचा जंतू उठला की सगळे धोक्यात. म्हणून ती तीन महिन्यांची अट. ती अट मीच लिहिली आहे, त्यामुळे माझ्या वडिलांसाठी मला ती मोडता येत नाही. तू रागावशील, पण नियम लिहिणाऱ्याला पळवाट नसते.

दर पत्रात आकडे पाठव: उपाशीपोटी एक, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी एक. प्रत्येकापुढे वेळ लिही. ताटात काय होतं तेही. आणि खिडक्या उघड्या ठेव. माझ्या कामाच्या खोलीच्या खिडक्या उघडतच नाहीत, हवा यंत्रातून येते; उघडी खिडकी म्हणजे काय चीज आहे ते मला विचार.

निवासाचं काम सोडून मला इथून नोव्हेंबरपर्यंत हलता येणार नाही.

८ जुलै

वन्सं,

खुशखबर घ्या. बोटाचं भांडण मिटलं. आता मी रोज आकडे घेते. उपाशीपोटी, सकाळी सात: एक्क्याण्णव. जेवणानंतर, संध्याकाळी पाच: एकशे अठरा. जवळपास रोज असेच. यातला एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. नकाशात मी कधी माप अंदाजाने टाकलं नाही, इथेही टाकणार नाही.

ताट: भाजी, डाळ, एक अंडं, वाटीभर भात. अण्णा आता काही बोलत नाहीत, फक्त वाटी उलटी करून दाखवतात, रिकामी आहे म्हणून. अडचण माझ्या हाताची आहे. हात जुन्याच मापाने तांदूळ घेतो. त्यांच्यातून काढलेला भात पातेल्यात उरतो. टाकवत नाही. त्यांचं जेवण, भांडी, कपडे, त्यांची आंघोळ, हे सगळं उरकून मी तीनला बसते तेव्हा तो माझ्या ताटात येतो. पातेलं घासायला सोपं जातं.

खिडक्यांचं जमत नाही. मी उघडते, ते लावतात. जूनमध्येही त्यांना थंडी वाजत होती. आणि दाराचं सांगायचं राहिलं: अंधार पडला की ते बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावून किल्ली कोटाच्या खिशात ठेवतात. घरात कोट घालतात. मी म्हटलं, "अण्णा, मी काय विनातिकीट उतरून जाणारेय?" म्हणाले, "उतरणारे आधी सांगत नाहीत."

मागच्या आठवड्यात दुकानातून यायला मला उशीर झाला, तर जिन्यात उभे. "गर्दी होती का?" होती म्हटलं. "कोण कोण होतं गर्दीत?" आता गर्दीची नावं कुठून आणू?

पण हे सगळं चालेल. सप्टेंबर लांब नाही.

वहिनी

२५ जुलै

वहिनी,

तुझे आकडे मी भिंतीवर लावले आहेत. निवासात सगळं मोजून देऊनही आम्हाला असे आकडे मिळत नाहीत. परवाच्या बैठकीत मी ते दाखवले. घरी, एका माणसाच्या कष्टावर, हे होऊ शकतं म्हणून. सगळ्यांनी ते उतरवून घेतले. तुझं नाव घेतलं नाही, "सून" म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरची खाट मी अण्णांसाठी राखून ठेवायला सांगितली आहे. सप्टेंबरअखेर. त्यांना इतक्यात सांगू नकोस.

खोकला आहे का? लिहायला विसरू नकोस. नसेल तरी "नाही" असं लिही.

२३ ऑगस्ट

वन्सं,

आकडे थोडे चढलेत. उपाशीपोटी एकशे नऊ. पाचला एकशे सहासष्ट. का ते कळत नाही. ताट तेच आहे, उलट भात आणखी कमी केलाय. दोनदा घेऊन पाहिले, मशीनचा दोष नाही. लिहू नयेत असं वाटलं. लिहिले.

खोकला: थोडा, सकाळचा. अण्णा म्हणतात, धूळ. झाडते मीच, धूळ कुठली? वाळले आहेत. कोटाची कॉलर मानेभोवती फिरते. परवा म्हणाले, "सूनबाई, कैद्यालासुद्धा पोटभर भात मिळतो. चौकशी कर." मी म्हटलं, तुमच्या मुलीलाच विचारा. म्हणाले, "ती जेलर आहे. तू नुसती हवालदार." आणि बऱ्याच दिवसांनी हसले. मलाही हसू आलं. दोघंही हसत होतो आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

माझं म्हणाल तर दमायला होतं. तहान फार लागते, उकाडा आहे. तांब्या उशाशी घेऊन झोपते. चालायचंच.

सप्टेंबरचं नक्की आहे ना? साहेबांना कळवायचं आहे.

वहिनी

१ सप्टेंबर

वहिनी,

एकशे सहासष्ट चालणार नाही. भात पूर्ण बंद कर. बटाटा, पाव, गोड फळ, सगळं बंद. ते मागतील, देऊ नकोस. दया आली तर डागातला जंतू आठव.

खाट मी धरून ठेवू शकत नाही. तीन महिने पहिल्यापासून मोजावे लागतील, म्हणजे वर्षअखेर. तुझ्या टेबलाचं मला माहीत आहे. साहेबांना पत्र लिहू का, संस्थेच्या कागदावर? उपयोग झाला तर होईल.

वाईट वाटून घेऊ नकोस. आकडे चढतात ते तुझ्यामुळे नाही.

१४ सप्टेंबर

वन्सं,

साहेबांना लिहू नका. वर्षअखेरचं मीच त्यांना कळवलं, आणि काल त्यांनी माझी पेटी घरी पाठवली. कंपास, पट्ट्या, पेनं, चहाचा कप. कप कागदात नीट गुंडाळलेला होता. पेटी अण्णांनी उघडून पाहिली. "एवढंच होतं तुझं तिथे?" म्हणाले. एवढंच होतं.

भात बंद केला. त्यांच्या ताटात शितही नाही. तरी पातेल्यात तो शिजतोच, कारण मला एकटीला लागतो, आणि हात अजून जुन्याच मापाचा आहे.

उपाशीपोटी एकशे अठ्ठावीस. पाचला दोनशे चौदा.

आता काय बंद करू? पाणी?

खोकला: हो. त्यांना. अधूनमधून मलाही. खिडक्या बंदच आहेत. मी उघडायचं सोडून दिलं.

२२ सप्टेंबर

वहिनी,

तुझी सगळी पत्रं टेबलावर ओळीने लावली आणि कामावर गेले नाही.

भात निम्मा केला, साखर जागची हलली नाही. आणखी कमी केला, चढली. पूर्ण बंद केला, दोनशेच्या पुढे गेली. असं शरीर मी पाहिलेलं नाही. अंगात जंतूशी झगडा सुरू झाला की साखर चढते, हे खरं. आधी तेच धरून बसले. मग वेळा पाहिल्या. "जेवणानंतर दोन तासांनी" असं मी लिहिलं होतं. तू प्रत्येक वेळी "पाच" लिहिलं आहेस. अण्णा लहानपणापासून मला माहीत आहेत. त्यांचं दुपारचं जेवण एकच्या पुढे कधी गेलं नाही. तीनला कोण जेवतं, ते तू जुलैत स्वतः लिहून ठेवलं आहेस. पातेल्यात उरलेला भात कोणाच्या ताटात जातो, तेही.

वहिनी, हे रक्त कोणाचं आहे?

तू एकही आकडा खोटा लिहिला नाहीस. वेळसुद्धा खरी लिहिलीस. माझ्यासारखीने ते तीन महिने वाचलं आणि तिला वडिलांचं बोट दिसलं, कारण तिला तेच पाहायचं होतं. तहान लागते असं लिहिलंस तेव्हा मी खाटेचा विचार करत होते.

रागावण्याचा मला अधिकार नाही. आता हे कर. तुमच्या भागातल्या दवाखान्यातली नर्स या आठवड्यात येईल, मी बोलले आहे. दोघांचं रक्त, दोघांची थुंकी, दोघांच्या छातीचे फोटो. अण्णांना आजपासून भात दे. दूध, अंडं, जे मागतील ते दे. मी दुसऱ्याच बाईच्या रक्तावरून एका म्हाताऱ्याला उपाशी ठेवलं आहे, आणि उपाशी माणसातही तो जंतू उठतो. साखरेइतकाच सहज उठतो. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

आणि तो उरलेला भात तू खाऊ नकोस. टाक. टाकवत नसेल तर खिडकीबाहेर टाक, म्हणजे खिडकी तरी उघडेल.

रजा मागितली आहे. नोव्हेंबरच्या आधी देणार नाहीत.

५ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं तेव्हा अण्णा समोर बसले होते. मी त्यांना ते पूर्ण वाचून दाखवलं. निवासाचं, खाटेचं, सगळं. लपवायचं उरलंच काय होतं? वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मशीन दोनदा वाजतं. एकदा पट्टी घातल्यावर, एकदा आकडा आल्यावर. रोज स्वयंपाकघरातून वाजायचं. मी पॅसेजमध्ये. दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करणारी माणसं ओळखण्यात माझा जन्म गेला, सूनबाई. तुझ्या बोटांना भोकं, माझी बोटं गुळगुळीत."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

त्यांनी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, "पहिल्यांदा तुझे आकडे चांगले होते, मशीनमध्ये बघायचो मी. तेव्हा रोज वाटायचं, आता बोलतो, नाहीतर मला नेतील. पत्रं सुरू व्हायच्या आधी तुम्ही दोघी फोनवर कुजबुजत होता, ते मी ऐकलं होतं. मग तुझे आकडे बिघडले आणि माझं जाणं टळलं. मग कशाला बोलू?"

हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. खाली बघून सांगितलं असतं तर मी काही तरी फेकून मारलं असतं.

मी म्हटलं, "माझी साखर चढतेय हे तुम्हाला कळत होतं. भात बंद झाला तेव्हाही तुम्ही गप्प बसलात. उपाशी बसलात."

"वर्षभर आतून कडी नसलेल्या खोलीत राहून बघ," ते म्हणाले. "मग भाताचं काही वाटत नाही."

मी बाहेरच्या दाराकडे बोट दाखवलं. किल्ली त्यांच्या खिशात होती. ते दाराकडे बघत राहिले.  त्यांनी पहिल्यांदा कोट काढून खुर्चीवर टाकला. किल्ली मात्र काढली नाही.

मग त्यांनी आपणहून हात पुढे केला. बोट गार होतं, दाबून दाबून थेंब आला. शहाऐंशी. तुमच्या नियमात चोख बसणारा माणूस, वन्सं, तीन महिने इथेच बसलेला होता.

नर्स येऊन गेली. बाई खमकी आहे. आत येताच म्हणाली, "ही खोली आहे की डबा?" तिने खिडक्यांना हात लावला तर अण्णांनी अडवलं नाही. निकाल असे आहेत.

अण्णांच्या थुंकीत जंतू सापडला. औषधं सुरू झाली, सहा महिन्यांची. निवासात आता ते जाऊ शकत नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझी साखर: तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते ना, ती केली. मधुमेह आहे. आईला होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही. छातीचा फोटो स्वच्छ आहे. पण क्षयासाठी हातावर सुई टोचून बघतात, ती जागा दोन दिवसांनी रुपयाएवढी फुगली. म्हणजे तुमचा भाडेकरू माझ्याकडेही राहायला आला. नर्स म्हणाली, झोपलाय की जागा आहे ते थुंकीवरून कळेल, तुम्हालाही खोकला आहे. माझी थुंकी कालच घेतली, निकाल यायला आठवडा लागेल. तोवर दोघांनीही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. औषधं आणि सामान ती दाराशी ठेवेल. हे पत्रही उद्या सकाळी तीच नेईल.

आता तुमची अट मला लागू झाली. साखर ताब्यात ठेव, नाहीतर तो उठेल. तुमचं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. आकडे पाठव, वेळ लिही, खिडक्या उघड्या ठेव. सगळं नीट लिहिलंय. तेव्हाही नीटच होतं.

तुम्ही नोव्हेंबरात या. त्याआधी सुटका मागू नका, तुमच्या चाळीस जणांना सोडून येऊ नका. एक हवालदार इथे आहे तेवढी पुरे. तुमच्या दादांना मी काही कळवलेलं नाही. समुद्रावरून ते काय करणार? तुम्हीही कळवू नका.

कंपासपेटी टेबलावर आहे. काल बसल्या बसल्या या दोन खोल्यांचा नकाशा काढला, मापासकट. खिडक्या कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, खुर्च्या कशा ठेवल्या तर हवा त्यांच्याकडून माझ्याकडे न येता बाहेर जाईल. अण्णा वाकून बघत होते. म्हणाले, "माझी खुर्ची पॅसेजमध्ये दाखवलीस. तिथे हवा कुठे आहे?" मी खोडून खिडकीशी काढली. म्हणाले, "आता तुझी." माझी कुठे काढावी ते मला ठरवता आलं नाही. अजून काढलेली नाही.

वहिनी

६ ऑक्टोबर, सकाळ. पाकीट बंद करायच्या आधी लिहितेय. उठले तेव्हा खिडकी उघडी होती आणि अण्णा खिडकीशी खुर्चीत झोपलेले होते. किल्ली बाहेरच्या दाराच्या कुलपात लावलेली होती. मी ती फिरवून पाहिली, दार उघडलं. जिना रिकामा होता. दार पुन्हा लावून घेतलं आणि तांदूळ मोजून घेतले, वाटीने.